एकतीस जूनची नोंद

मंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका पेशंटवर ओरडत होते. खोटं कशाला सांगू, चांगली ओरडत होते. गृहस्थ तिसऱ्यांदा साखर साडेतीनशेच्या वर घेऊन आले होते आणि गोळ्या अगदी वेळच्या वेळी घेतो म्हणून शपथेवर सांगत होते. मी चिठ्ठी त्यांच्यापुढे आपटली, सकाळची कुठली, जेवणानंतरची कुठली ते पुन्हा एकदा घोकून दाखवलं आणि विचारलं, "समजलं ना?" ते म्हणाले, "हो डॉक्टर." तेवढ्यात टेबलावरचा मोबाईल थरथरला. मंदाताईंची मुलगी, प्राजक्ता. ओपीडीच्या वेळेत ती कधी फोन करत नाही. "डॉक्टरमावशी, आई गेली... सकाळी पाणी भरत होती, छातीत दुखतंय म्हणून खाली बसली, ती उठलीच नाही." मी "बरं" म्हणाले. बरं! काय बरं होतं त्यात? फोन ठेवला आणि समोरच्या गृहस्थांचं ब्लडप्रेशर घेतलं, लिहिलं, आणि मग पुन्हा घेतलं. त्यांनी हात मुकाट्याने पुढे केला. दुसऱ्यांदा का, हेही विचारलं नाही बिचाऱ्यांनी.

आणि त्या क्षणी मला काय आठवावं? तर "समजलं ना?" मंदाताईंना या दोन शब्दांचा भयंकर राग. त्यांच्या वॉर्डात कुणी नवी सिस्टर हे बोलली की त्या तिला बाजूला घेऊन सांगायच्या, "बाई, या प्रश्नाला 'नाही' म्हणायची हिंमत असलेला पेशंट मी अजून पाहिला नाही. त्याला विचारू नकोस. त्याला म्हण, 'आता घरी गेल्यावर काय काय करणार ते मला करून दाखवा.'" पस्तीस वर्षं त्यांनी हा एकच धडा शिकवला. आधी स्टाफ नर्स म्हणून, मग सिस्टर इन्चार्ज म्हणून, मग नर्सिंग कॉलेजात शिकवताना. आणि त्या गेल्याचं कळलं त्या मिनिटाला मी ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात बसून नेमका तोच प्रश्न विचारत होते.

हे लिहायला सहा आठवडे लागले. दोनदा लिहून फाडलं. पहिल्या वेळी लिहिलं ते सगळं गोडगोड होतं, त्यागमूर्ती आणि सेवाव्रती वगैरे. मंदाताईंनी वाचलं असतं तर चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाल्या असत्या, "डॉक्टर, ही कोण बाई?" तेव्हा खरं तेच लिहिते. त्या गेल्या तेव्हा आम्ही चार महिने एकमेकींशी बोलत नव्हतो. त्यांनी लिहिलेला एक शोधनिबंध माझ्या सहीसाठी माझ्या कपाटात पडून होता. मी तो उघडूनसुद्धा बघितला नव्हता.

आमची ओळख भांडणातूनच झाली, हे आता आठवून बरं वाटतं. मी नुकती एम.डी. झालेली, अंगात भलताच ताठा. त्या मेडिसिनच्या वॉर्डात सिस्टर. माझा एक पेशंट, ठाण्यापलीकडच्या दिव्याला राहणारा, साखर एकदम उतरून बेशुद्ध अवस्थेत परत आला. डिस्चार्ज देताना मी त्याला बजावलं होतं, इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास, बरोबर साडेबाराला. आता मी त्याच्या बायकोला सर्वांदेखत झापायला लागले, की सांगितलेलं ऐकायला काय होतं तुम्हाला? ती खाली मान घालून उभी. मंदाताई सलाईन लावत होत्या. मागे न वळता म्हणाल्या, "मॅडम, त्याने ऐकलं म्हणूनच तो इथे आहे. साडेबाराला सुई घेतली त्याने. पण टँकर आला दीडला. पाणी नाही तर भात कुठून शिजणार?" कुणी माझ्याशी असं बोललंच नव्हतं तोवर. मग मंदाताई त्या बाईकडे वळल्या आणि म्हणाल्या, "ताई, घड्याळ विसरा. कुकरची तिसरी शिट्टी झाली की गॅस बंद करायचा आणि मग सुई. कुकर गार होईपर्यंत भूक लागतेच." त्या बाईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी उमटलं. तो माणूस पुन्हा कधी तसा आला नाही. आणि मी पुढची सगळी वर्षं माझ्या पेशंटना शिट्ट्या सांगत आले. लोक समजतात ती माझी कल्पना!

त्या मूळच्या कल्याणच्या. वडील रेल्वेत, चाळीत दोन खोल्या, पाच भावंडं. "बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून अभ्यास केलाय, नापास व्हायची सोयच नव्हती," असं हसून सांगायच्या. लग्नानंतर कळव्याला आल्या. नवरा लवकर गेला. प्राजक्ता शाळेत असतानाच त्यांनी एम.एस्सी. नर्सिंग केलं, ड्युट्या सांभाळून. पन्नाशी उलटल्यावर पीएच.डी.ला नाव नोंदवलं. मी म्हटलं, "कशाला आता हा खटाटोप? डॉक्टरकी तर करता येणार नाही." माझी जीभ ही अशी. त्यांनी शांतपणे सांगितलं, "डॉक्टर रोग शोधतात. मला हे शोधायचंय की पेशंट फाटकाबाहेर पडला की आपण सांगितलेलं कुठे सांडतं." मॅडमची मी डॉक्टर कधी झाले ते लक्षात नाही, पण झाले. आमच्यात एवढी जवळीक पुरे होती. अहोजाहो शेवटपर्यंत सुटलं नाही.

त्या शोधातूनच आमचं दिव्याचं काम सुरू झालं. चाळीसेक घरं, सगळे साखरेचे पेशंट. त्यांना बोट टोचून साखर मोजायची छोटी यंत्रं मिळवून दिली आणि एकेक वही. वही मंदाताईंनी स्वतः आखलेली. महिन्याला एक पान, उपाशीपोटीचा रकाना, जेवणानंतरचा रकाना, आणि 'आज पाय पाहिले का' असा तिसरा. शाळेच्या मुलांना घालतात तसं खाकी कव्हर त्या घरी बसून घालायच्या, वर सुवाच्य अक्षरात नाव. दर रविवारी त्या कळव्याहून दिव्याला जायच्या, मी महिन्यातून एकदा. जिन्यात पाण्याची पिंपं, दारात चपलांचा ढीग, आणि मंदाताई दिसल्या की गॅलरीभर हाळी जायची, "ताई आल्या गो, ताई आल्या!" जमिनीवर मांडी घालून बसायच्या, वही मांडीवर घ्यायच्या, बोट ठेवत एकेक आकडा वाचायच्या. लोक त्यांच्या चेहऱ्याकडे असे बघत बसायचे की जणू निकाल लागतोय.

चहाची एक गंमत सांगितलीच पाहिजे. मंदाताईंना चहा लागायचा तो गोड. दोन चमचे साखर, वर आणखी अर्धा. त्यांना स्वतःला मधुमेह नव्हता आणि त्याचा त्यांना जरा गर्वच होता. पण दिव्यात प्रत्येक घरात त्यांच्यापुढे यायचा तो बिनसाखरेचा चहा. आम्ही किती पथ्य पाळतो ते ताईंना दिसायला हवं ना! त्या बिचाऱ्या एकामागून एक फिका चहा घोट घोट गिळायच्या आणि परत येताना मला म्हणायच्या, "डॉक्टर, आधी कुठेतरी माणसासारखा चहा पाजा हो." मी खो खो हसायचे. आमच्या दोघींच्या डोक्यात एकदाही आलं नाही, की चहा जर आपल्याला दाखवायला फिका होतो, तर वहीचं काय होत असेल...

वह्या मात्र सुंदर होत्या. महिन्यामागून महिना आकडे खाली येत होते. तीन महिन्यांची साखर सांगणारी रक्ततपासणी आम्ही सुरुवातीला केली होती, ती शेवटी पुन्हा करायची ठरली होती. ती मीच रद्द केली. "एवढ्या चोख वह्या आहेत, कशाला पुन्हा लोकांना टोचायचं?" असं मी म्हटल्याचं मला स्वच्छ आठवतं. यंत्रांच्या आत जुने आकडे साठलेले असतात, तेही तपासायला मंदाताई तयार नव्हत्या. त्यांचं म्हणणं, "त्यांच्या घरात जेवते मी. त्यांची झडती नाही घेणार." मग आम्ही निबंध लिहिला, तो छापून आला. पहिलं नाव माझं, दुसरं त्यांचं. परिषदेत मी भाषण केलं, शाल, श्रीफळ, काचेचं काहीतरी स्मृतिचिन्ह मिळालं, ते माझ्या दवाखान्यात दर्शनी भागात ठेवलं. हळूहळू आजूबाजूची नर्सिंग कॉलेजं मुलींना आमची वहीची पद्धत शिकवायला लागली. ठाण्यापासून कल्याणपर्यंत खाकी कव्हरच्या वह्या दिसू लागल्या. मला फार आवडलं ते सगळं. का नाही आवडणार?

आणि मग गेल्या वर्षी मंदाताई निवृत्तीनंतरची आवराआवर करायला बसल्या. त्या वह्या पुन्हा चाळताना दिव्याच्या सुमनकाकूंच्या वहीत त्यांना एक नोंद दिसली. एकतीस जून, उपाशीपोटी एकशे अठरा. मला फोन करून त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की मला वाटलं आता श्वास लागणार. "डॉक्टर, आपल्या सुमनकाकूंनी पंचांगाला एक दिवस जास्तीचा दिला!" मग अचानक त्यांचं हसणं थांबलं. फोन तसाच चालू, पलीकडून पानं उलटल्याचा आवाज येत होता. एक वही, दुसरी, तिसरी... बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "यातही आहे. आणि यातही." कितीतरी वह्यांत एकतीस जून होता. पाय पाहिले, हो. साखर एकशे बावीस, एकशे पंधरा, एकशे वीस.

त्या दुसऱ्याच दिवशी सुमनकाकूंकडे गेल्या. सुमनकाकू म्हणजे मूळच्या रत्नागिरीकडच्या, सत्तरीला टेकलेल्या, दिव्यात मुलाकडे राहतात. मंदाताईंनी वही उघडून ती ओळ नुसती दाखवली. काकूंनी आधी सुनेकडे बघितलं, मग पदर तोंडाला लावला. "काय करू बाय... तुमी उन्हातान्हातून येणार, वही मांडीवर घेणार. कोरी कशी दाखवू? आदल्या दिशी बसून भरायचो आमी. तुमी ओळी आखलेल्या एकतीस, तर एक मोकळी कशी सोडायची?" मंदाताईंनी एकच पान छापून घेतलं होतं, सगळ्या महिन्यांना चालेल असं, एकतीस ओळींचं. चोख माणसांनी चोख भरलं. मग त्यांनी यंत्रं उघडून बघितली. बहुतेकांच्या पोटात चार-सहा आकडे, तेही सुरुवातीचे. मला म्हणाल्या, "आपण दोघी आंधळ्या होतो. अहो, बोट टोचून लिहिणाऱ्या माणसाच्या वहीवर रक्ताचा एक तरी डाग पडतो. आपल्या चाळीस वह्यांत एक डाग नाही, आणि आपल्याला वाटलं लोक किती नीटनेटके आहेत!"

दुसरी कुणी असती तर वह्या बांधून माळ्यावर टाकल्या असत्या. मंदाताई नवा निबंध लिहायला बसल्या. आमचा पहिला निबंध चुकीचा होता, तो मागे घेत आहोत, आणि तो कसा चुकला ते हे पाहा, असा. फेब्रुवारीत फाईल घेऊन दवाखान्यात आल्या. मी म्हटलं, "मंदाताई, वेड लागलंय का? पाच वर्षं झाली. कुणी विचारलंय? कुणाला कळणार आहे?" त्या म्हणाल्या, "मुली तीच वही शिकतायत, डॉक्टर. उद्या त्यांच्यासमोर कुणीतरी असंच एकशे अठरा लिहील आणि त्याचा पाय आतून सडत असेल." मी म्हटलं, यात माझं नाव आहे, माझा दवाखाना आहे, लोक हसतील. त्या म्हणाल्या, "हसू देत. पेशंट माझ्याशी खोटं बोलले, कारण खरं ऐकताना माझा चेहरा उतरायचा. त्यांना ते बघवायचं नाही. हे शोधायलाच तर मी निघाले होते, आणि ते माझ्याच मांडीवर होतं. आता हे लपवलं तर माझी ती पीएच.डी. काय जाळायचीय?" कोंडीत सापडले की मी कशी वागते ते माझ्या घरच्यांना विचारा. मी म्हणाले, "तुमचं काय जातंय बोलायला? तुमचं नाव दुसरं आहे. पहिलं माझं आहे."

बोलले आणि कळलं. पण तोंडातून गेलं ते गेलं. मंदाताईंनी त्या काचेच्या स्मृतिचिन्हाकडे बघितलं. मग फाईल टेबलावर ठेवली. "तुमच्या सहीशिवाय पाठवणार नाही. वाट बघते. बरं आहे, मॅडम." मॅडम! इतक्या वर्षांनी मी पुन्हा मॅडम झाले. त्या जिना उतरून गेल्या आणि मी पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यांचा व्हॉट्सॲपवर मेसेज यायचा. शब्द एकही नाही. नुसतं प्रश्नचिन्ह. मी बघायचे, मला राग यायचा, मी फोन पालथा ठेवायचे. चार महिने, चार प्रश्नचिन्हं. शेवटचं आलं त्यानंतर बाराव्या दिवशी त्या गेल्या.

कळव्याला त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. खाडीकडून दमट वारा येत होता, मांडवात प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढे त्यांचा फोटो, पांढऱ्या साड्यांतल्या बायका. वंदना झाली. मी मागच्या रांगेत बसले, कारण पुढे बसायचं तोंड नव्हतं. दिव्याची बरीच मंडळी आली होती. सुमनकाकू मला बघून जवळ आल्या आणि पिशवीतून वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. खाकी कव्हर, मंदाताईंचंच अक्षर. मला वाटलं, जुनी. उघडली तर नवी होती. निवृत्त झालेली, माझ्याशी बोलणं तुटलेलं, आणि ही बाई हे चार महिने दर रविवारी एकटी दिव्याला जात होती! पानं कोरी होती, ओळी नव्हत्याच. फक्त वर लिहिलेलं, 'आज काय राहिलं?' आणि खाली काकूंच्या सुनेच्या अक्षरात: 'भाचीच्या हळदीत दोन गुलाबजाम. यंत्र लावलं नाही, भीती वाटली.' 'सुई संपली.' 'पाणी नव्हतं, पाय धुतले नाहीत, पण बघितले.' 'साखर दोनशे नव्वद. ताई, रागवू नका.' त्या शेवटच्या ओळीशेजारी लाल पेनाने मंदाताईंनी लिहिलं होतं, 'शाबास.' पानाच्या कडेला तपकिरी पडलेला एक डाग होता. बोटाचा. रक्ताचा.

मी मांडवात रडले, मोठ्याने. माझ्यासारख्या बाईला ते शोभत नाही म्हणून प्राजक्ता मला आत घेऊन गेली.

घरी आले आणि कपाट उघडून फाईल काढली. आता ते सांगते, जे मी मंदाताईंना कधी सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. पहिल्या निबंधाच्या वेळी वह्यांतले आकडे कॉम्प्युटरवर चढवायला माझ्या दवाखान्यात एक मुलगी बसायची. एके दिवशी ती आत येऊन म्हणाली, "मॅडम, एकतीस जून कॉम्प्युटर घेत नाहीये." मी पेशंट तपासत होते. मी वर पाहिलं. मला कळलं होतं. अगदी पुरतं नाही, पण आता आणखी काही विचारायचं नाही, एवढं कळलं होतं. आणि मी म्हणाले, "एक जुलैला टाक." तिने टाकलं. पुन्हा पुन्हा तीच अडचण आली असणार, पण ती पुन्हा विचारायला आली नाही. तिला उत्तर मिळालं होतं. म्हणून फेब्रुवारीत मंदाताईंनी फाईल पुढे केली तेव्हा मी एवढी उसळले. लोक हसतील याची भीती नव्हती मला. हा प्रश्न आज ना उद्या कुणीतरी विचारणार, की पाच वर्षांपूर्वी कॉम्प्युटरने हे कसं स्वीकारलं, याची भीती होती.

निबंध वाचत गेले. साधं, सरळ लिहिलेलं, कुणावर ताशेरा नाही. सगळी चूक त्यांनी स्वतःवर घेतली होती: ओळी मी आखल्या, यंत्रं मी तपासली नाहीत, चेहरा माझा उतरायचा. दुसरी रक्ततपासणी 'होऊ शकली नाही' एवढंच. कुणी रद्द केली ते नाही. मग एक पोटमथळा, 'नसलेल्या तारखांच्या नोंदी आमच्या नजरेतून कशा सुटल्या'. त्याखाली मजकूर नव्हता. सहा-सात ओळींची मोकळी जागा, आणि समासात पेन्सिलने, बारीक अक्षरात, 'हे डॉक्टर सांगतील.'

म्हणजे त्यांना माहीत होतं. कधीपासून, कोण जाणे. त्या मुलीला विचारलं असेल, किंवा जुन्या फायलीत एक जुलैला दोन-दोन आकडे बघून ओळखलं असेल. शोधणं त्यांचं कामच होतं. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. "मॅडम, हे तुम्ही केलंत का?" असं विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं ते मला ठाऊक आहे. पेशंट सांगतात तसंच काहीतरी खोटं. म्हणून त्यांनी विचारलं नाही. नुसती जागा मोकळी सोडली, आणि दर महिन्याला एक प्रश्नचिन्ह. मी त्याला तगादा समजत होते. गाढव आहे मी, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवला आणि ती जागा भरली. चार वेळा लिहिलं. आधीच्या तीन खेपांत कुठे ना कुठे 'नजरचुकीने' हा शब्द येत होता, तो चौथ्या वेळी गेला. रक्ततपासणी कुणी रद्द केली तेही लिहिलं. नावांचा क्रम बदलला, पहिलं त्यांचं, दुसरं माझं, आणि पाठवून दिला. नर्सिंगच्या मुलींपुढे उभं राहूनही सांगितलं. एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग आम्ही आता ती वही वापरायची की नाही?" मी म्हटलं, ओळी पुसून टाका आणि वापरा. संपादकांचं उत्तर अजून नाही. रोज सकाळी उठून आधी ईमेल बघते, चिडचिड होते. झोपही धड नाही. कधी वाटतं, आपण बरं केलं. कधी वाटतं, आता काय उपयोग... ज्यांना ते दाखवायचं त्या कुठे आहेत? पाठवल्यावर मोबाईल हातात घेतला होता, त्या चार प्रश्नचिन्हांखाली काहीतरी लिहावं म्हणून. नाही लिहिलं. जिवंतपणी उत्तर दिलं नाही, आता कसली नाटकं.

मागच्या रविवारी दिव्याला गेले. पहिल्यांदाच एकटी. जिन्यात तीच पिंपं. कुणी हाळी दिली नाही, पण सुमनकाकूंनी दार उघडलं, बसायला चटई दिली आणि सुनेला चहा टाकायला सांगितला. मी पहिला घोट घेतला आणि थांबले. गोड होता, चांगला मिट्ट गोड. काकू म्हणाल्या, "रागवू नका डॉक्टर. खरं सांगायचं ठरलं तवापासून मंदाताईंनी सांगितलं, माझ्याम्होरं सोंग नको, घरात करता तसाच करा. आमी घेतो अर्धा चमचा. त्यांना अडीच घालायचो. तुमाला पण तेवढाच घातला, त्यांच्या मैत्रीण ना तुमी." शेवटचे चार महिने त्यांना दिव्यात माणसासारखा चहा मिळाला होता तर. मला स्वतःला गोड चहा मुळीच आवडत नाही. मी संपवला.

ते काचेचं स्मृतिचिन्ह आता दवाखान्यात नाही. टेबलाच्या काचेखाली सुमनकाकूंच्या जुन्या वहीतलं पान ठेवलंय, त्यांना विचारून, नाव झाकून. परवा ते साडेतीनशेवाले गृहस्थ पुन्हा आले. मी त्यांचा रिपोर्ट वाचत होते, ते काचेखाली वाकून बघत होते. म्हणाले, "डॉक्टर, हे काय? जूनला एकतीस कुठे असते?"

"आमच्याकडे होती," मी म्हटलं. आणि कशी होती ते सांगितलं, एक जुलैसकट.

ते हसले नाहीत. खिशातली चिठ्ठी काढून घडी घालत, उलगडत बसले. मग खाली बघत म्हणाले, "खरं सांगू का? ती रात्रीची गोळी... मी घेतच नाही. मोठी असते, घशात अडकते. दोनदा जीव घाबरला. तुम्हाला कसं सांगायचं म्हणून..."

तीन महिने. तीन महिने मी या माणसावर ओरडत होते! जिभेवर काय काय आलं ते मलाच माहीत. पण मी पेन खाली ठेवलं, खुर्ची त्यांच्या बाजूला ओढली आणि त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास दिला.

"कशी गिळता," मी म्हटलं, "ते मला करून दाखवा."